दहा गोल कुणामुळे? हेलसिंकी १९५२ आणि दोन बॅकांचा हिशेब

आजचा भाग जरा कडू आहे, आधीच सांगून ठेवतो. जिंकलेल्या सामन्यावर बोलायला सगळेच तयार असतात. आज आपण हरलेल्या सामन्यावर बोलणार आहोत, आणि तोही साधासुधा नाही. १५ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हिया १०, भारत १.

हो, दहा. तुम्ही बरोबर ऐकलंत.

आता हा विषय कोल्हापुरात बसून का काढला? तर एक म्हणजे, हरलेल्या मॅचचं पोस्टमार्टेम कसं चालतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? शाहू स्टेडियमवर फायनल संपली की गेटपासून पेठेपर्यंत सगळा रस्ता तज्ज्ञांनी भरलेला असतो. रेफ्रीनं घात केला. गोलकीपर झोपला होता. ग्राउंड ओलं होतं. त्या अमक्याला बसवायला नको होतं. एवढं सगळं निघतं, पण "आपण बचाव करायचं ठरवलं होतं ते कसं ठरवलं होतं?" हा प्रश्न सहसा निघत नाही. माणसाला दोष देणं सोपं असतं. आखणीला चेहरा नसतो, तिला शिव्या घालून मजा येत नाही.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. ज्या हेलसिंकीत आपला फुटबॉल संघ दहा गोल खाऊन बाहेर पडला, त्याच हेलसिंकीत आठ दिवसांनी, २३ जुलैला, खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा, आपल्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एकाच गावी, एकाच महिन्यात, एकाच देशाचे दोन निकाल. खाशाबांची गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि फुटबॉलची आपण विसरून गेलोय. मला वाटतं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या दहा गोलांचा उलगडा होतो.

आधी मॅच बघू.

युगोस्लाव्हियाला कमी लेखू नका. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते रौप्यपदक विजेते होते, हेलसिंकीतही त्यांनी रौप्यच नेलं. फायनलला त्यांना थांबवलं ते पुश्काशच्या हंगेरीनं, तेही २-० असं. आपल्याला हरवल्यावर त्यांची पुढची मॅच सोव्हिएत संघाशी झाली आणि ती ५-५ सुटली. मॅच परत खेळवावी लागली, तेव्हा युगोस्लाव्हियानं ३-१ नं काढली. त्या काळात टिटो आणि स्टालिन यांचं बिलकूल पटत नव्हतं. त्यामुळे मॉस्कोत या हारेचा असा काही संताप झाला की सोव्हिएत संघाचा कणा असलेला लष्कराचा क्लबच बरखास्त करून टाकला. हारेचं विश्लेषण करायची ही जगातली सर्वांत भिकार पद्धत असावी. असो.

म्हणजे युगोस्लाव्हियाकडून आपण हरणार होतो, यात वाद नाही. प्रश्न दहाचा आहे. डेन्मार्कनं त्यांच्याकडून पाच खाल्ले, जर्मनीनं तीन. दहा फक्त आपण.

याचं जे उत्तर सगळीकडे मिळतं ते दोन शब्दांचं आहे: बूट नव्हते. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या बांधून खेळले, हे खरं आहे. हेलसिंकीचा गारठा होता, हेही खरं. या मॅचनंतर आपल्या फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले. तेव्हा गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते: अनवाणी गेलो, हरलो, बूट घातले, सुधारलो. शाळेच्या पुस्तकात घालायला झकास.

पण थोडं थांबा. चार वर्षं मागे जाऊ. ३१ जुलै १९४८, लंडनजवळचं इलफर्ड. भारत विरुद्ध फ्रान्स. तेव्हाही बहुतेक जण अनवाणीच होते. आपण हरलो, पण २-१. त्यातही दोन पेनल्टी आपण घालवल्या आणि फ्रान्सचा विजयी गोल अगदी शेवटी शेवटी पडला. त्या दोन पेनल्टी आत गेल्या असत्या तर आज इतिहासाची पानं वेगळी असती. फ्रान्स काही युगोस्लाव्हिया नव्हता, मान्य. पण पाय तेच, बोटं तीच. बिनबुटाच्या पायांनी जर २-१ होऊ शकतं, तर १०-१ चा सगळा भार त्याच पायांवर टाकता येत नाही.

दुसरं एक कारण जाणकार लोक देतात. तेव्हा आपल्याकडे मॅच सत्तर मिनिटांची असायची आणि बाहेर नव्वद मिनिटांची. शेवटी दम संपतो. हे कारण मला बुटांपेक्षा जास्त पटतं, पण तेही इथे पुरत नाही. कारण मध्यंतरालाच ५-० झालं होतं. पंचेचाळीस मिनिटांत पाच. तेव्हा कुणाचा दम संपलेला नव्हता.

मग गोल कुणी केले ते बघा. झेबेकनं चार. ओग्न्यानोवनं दोन. वुकासनं दोन, मितिचनं दोन. आता कोण कुठं खेळत होतं ते लावा. झेबेक लेफ्ट विंगवर. ओग्न्यानोव राइट विंगवर. म्हणजे दहापैकी सहा गोल कडेनं खेळणाऱ्या दोघांचे. इथं माझं डोकं चालू झालं. कारण विंगर सहा गोल मारतात याचा अर्थ एकच निघतो: कडेच्या माणसाला कुणी धरलेलंच नव्हतं. आणि हे एखाद्या खेळाडूच्या आळशीपणाचं काम नाही. तसं असतं तर एकाच बाजूनं गोल पडले असते. दोन्ही बाजूंनी पडले म्हणजे भोक आखणीत होतं.

आता ती आखणी समजून घेऊ. जरा लक्ष द्या, हा भाग महत्त्वाचा आहे.

आपला संघ तेव्हा जुन्या पद्धतीनं खेळायचा. मागे दोन बॅक, त्यांच्या पुढं तीन हाफ आणि सगळ्यात पुढं पाच फॉरवर्ड. दोन-तीन-पाच. आज कुठल्याही पोराला सांगितलं की "आमच्या टीमचे पाच जण फॉरवर्ड खेळतात आणि मागे फक्त दोघं", तर तो हसेल. पण एकेकाळी सगळं जग असंच खेळायचं, आणि ते चालायचं, कारण ऑफसाईडचा नियम वेगळा होता. पास मिळताना तुमच्या आणि गोललाईनच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन जण हवेत, असा तो नियम. त्यामुळे एक बॅक थोडा पुढं सरकला की समोरची सगळी फळी ऑफसाईडमध्ये अडकायची. दोन बॅक म्हणजे चैन होती. एक सापळा लावायचा, दुसरा राखण करायचा.

१९२५ मध्ये हा नियम बदलला. तीनऐवजी दोन. झालं, सापळ्याचा अर्धा दात पडला. इंग्लंडमध्ये एकदम गोलांचा पाऊस सुरू झाला.

आणि त्याच वर्षीची गोष्ट. ३ ऑक्टोबर १९२५ ला आर्सेनल न्यूकॅसलला गेलं आणि ७-० अशी हार खाऊन आलं. तुमच्यातले आर्सेनलवाले, मनाला लावून घेऊ नका, शंभर वर्षं होऊन गेली. त्या हारेनंतर मॅनेजर हर्बर्ट चॅपमन आणि चार्ली बकन नावाचा त्यांचा अनुभवी खेळाडू यांच्यात चर्चा झाली. बकनचं म्हणणं असं, की मधला हाफ आता मैदानभर फिरून चालणार नाही, त्याला मागे ओढा आणि दोन बॅकांच्या मध्ये उभा करा. त्यानं फक्त समोरचा सेंटर फॉरवर्ड धरायचा. चॅपमननं ऐकलं. दोनच दिवसांनी आर्सेनल वेस्ट हॅमच्या मैदानावर ४-० नं जिंकलं. हाच तो 'स्टॉपर'. आज आपल्या पेठेतसुद्धा हा शब्द चालतो, त्याचं मूळ एका सात गोलांच्या हारेत आहे.

स्टॉपर आल्यानं सगळ्यात मोठा फरक कुठं पडला? मध्ये नाही, कडेला. मधल्या माणसाची काळजी मिटली म्हणून दोन्ही बॅक मोकळे झाले आणि ते बाहेर सरकून विंगरना धरायला लागले. दोन बॅकांचे तीन झाले. जुन्या दोन-तीन-पाचमध्ये मात्र दोन्ही बॅक आत, गोलच्या तोंडाशी. विंगर धरायचं काम कडेच्या हाफचं. आणि हाफला तर पुढंही जायचं असतं. आपले हाफ चेंडू पायात आला की पुढं जायचे, ड्रिबल करायचे, तेच तर त्यांचं सौंदर्य होतं. पण चेंडू हातचा गेला, म्हणजे पायचा गेला, की काय व्हायचं? हाफ पुढं अडकलेले. मागे दोन बॅक आणि समोरून पाच जण येताहेत. बॅकनं आतल्याला धरलं तर बाहेरचा सुटतो, बाहेरच्याकडे गेला तर मध्ये दरवाजा उघडा. अशा वेळी बॅक कितीही शहाणा असू दे, तो चुकणारच. त्याच्यापुढं बरोबर असा पर्यायच ठेवलेला नाही.

आणि आपले बॅक शहाणे होते हो! कर्णधार शैलेन मन्ना स्वतः बॅक होते. त्या काळातला देशातला सगळ्यात भरवशाचा बचावपटू. म्हणूनच मला त्या दहा गोलांचा राग खेळाडूंवर येत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी बदललेल्या नियमाला जुनं उत्तर देऊन त्यांना मैदानात उतरवलं होतं.

मग पुढचा प्रश्न. सत्तावीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?

इथं मला खाशाबा आठवतात.

१९४८ ला खाशाबाही लंडनला गेले होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. फ्लायवेट गटात ते सहावे आले. आता विचार करा, तांबड्या मातीत वाढलेला पैलवान. मातीत काय असतं? समोरच्याला चितपट केलं की कुस्ती संपली. पाठ लावली, विषय संपला. गुणाबिणांचा हिशेब नाही. लंडनला मॅट होती, घड्याळ होतं, पंच गुण मोजत होते. पाय वेगळा सरकतो, पकड वेगळी बसते. तिथं त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानानं मॅटचे धडे दिले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा पैलवान मारला, मग इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले.

सहावा नंबर. पहिल्यांदा मॅटवर उतरलेल्या पोराला "व्वा, सहावा आलास!" म्हणून हार घालून सोडून देता आलं असतं. पण परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षं मॅटच्या कुस्तीसाठी घासली. वजनगटही वरचा घेतला. हेलसिंकीच्या वेळी पैशाची बोंब होती, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. मला त्या गोष्टीत घराइतकंच दुसरं काहीतरी दिसतं. लंडनला नेमकं काय कमी पडलं हे त्या पैलवानाला ठाऊक होतं. ढाक हा त्याचा हुकमी डाव होता, तो त्यानं सोडला नाही. तो डाव मॅटवर, घड्याळात, गुणांच्या हिशेबात कसा बसवायचा हे शिकला.

आणि फुटबॉल संघाचं? १९४८ च्या २-१ चं काय झालं? कौतुक झालं. प्रचंड कौतुक. अनवाणी पायांची पोरं युरोपियनांना भारी पडली! विलायतेत लोक इतके चकित झाले की राजानं मन्नांच्या पायाला हात लावून पाहिला, आत पोलाद आहे का म्हणून, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. दोन बॅकांच्या मागे किती जागा रिकामी राहत होती हे बघायची मग गरज कुणाला वाटणार? हार गोड झाली की ती काही शिकवत नाही.

त्यात १९५१ आलं. दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा. इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-०, फायनलला इराणला १-०, मेवालालचा गोल. सुवर्णपदक, आणि संपूर्ण स्पर्धेत आपल्यावर एकही गोल नाही! आता सांगा, एकही गोल न खाल्लेल्या बचावाला "तुझी आखणी जुनी झालीय" असं कोण म्हणणार? म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण समोरचे संघच तुमच्या कडेच्या जागा वापरत नसतील, तर त्या जागा आहेत हे कळत नाही. पेठेतल्या लीगमध्ये सगळ्यांना धुणारी टीम बाहेरच्या स्पर्धेला गेली की पहिल्या वीस मिनिटांत तीन गोल खाते, तसंच हे.

कोच कोण होते तर सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशानं शिक्षक. 'मैदान' सिनेमात अजय देवगणनं केलेत ते. १९५१ चं सुवर्ण त्यांचं आणि १९५२ चे दहा गोलही त्यांच्याच खात्यावर. सिनेमा बघून आपण त्यांना डोक्यावर घेतो, पण हेलसिंकीत ते चुकले होते, हे स्पष्ट बोलायला हवं. मला ते आवडतात ते त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी.

परत आल्यावर बूट सक्तीचे करून थांबता आलं असतं. महासंघाला तेवढं पुरेसं होतं, पेपरवाल्यांनाही. रहीम यांनी दोन बॅकांची पद्धतच मोडली. तीन बॅक, मध्ये स्टॉपर. त्यांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ त्या वेळी मुंबईत रोव्हर्स चषक लागोपाठ जिंकत होता, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं. म्हणजे घरी जिंकणाऱ्या माणसाला बदलायची काहीच सक्ती नव्हती. तरी बदलला. पुढच्या काळात तर त्यांनी चार बॅकांचीही रचना आणली.

याच सुमाराला, २५ नोव्हेंबर १९५३ ला, वेम्बलीवर हंगेरीनं इंग्लंडला ६-३ नं लोळवलं. गंमत म्हणजे इंग्लंडकडं तो तीन बॅकांचा बचाव होता, चॅपमनवाला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी मागे येऊन खेळायला लागला आणि इंग्लंडच्या स्टॉपरला कळेना, याच्या मागे जायचं की जागा धरून बसायचं. १९२५ चं शहाणपण १९५३ ला शिळं झालं होतं. तेव्हा "तीन बॅक आले आणि सगळं ठीक झालं" असं मी म्हणणार नाही. कुठल्याच रचनेला कायमची गॅरंटी नसते.

आता मेलबर्न, १९५६. उपांत्यपूर्व फेरीत आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक. मूळ गोव्याच्या आसगावचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा गडी. आणि ४ डिसेंबरला सेमीफायनल. समोर कोण? युगोस्लाव्हिया.

मला या मॅचचा फायनल स्कोअर महत्त्वाचा वाटत नाही. तो १-४ होता, आपण हरलोच. मला मध्यंतराचा स्कोअर बघायचा असतो. हेलसिंकीत मध्यंतराला ०-५ होतं. मेलबर्नमध्ये ०-०. पंचेचाळीस मिनिटं बंद दरवाजा. युगोस्लाव्हियाचा संघ तोच नव्हता, झेबेक-मितिच-बोबेक नव्हते, हे धरूनच बोलतोय. तरी त्यांनी याही वेळी रौप्यपदक नेलं, म्हणजे लेचापेचा संघ नव्हता. उत्तरार्ध सुरू झाल्यावर नेव्हिलनं गोल मारला आणि भारत ऑलिंपिक सेमीफायनलला १-० नं पुढं गेला. क्षणभर विचार करा, काय वाटलं असेल त्या पोरांना.

आणि मग लगेच बरोबरी झाली. पुढच्या पंधरा मिनिटांच्या आत तीन गोल खाल्ले. चौथा तर आपल्याच माणसाच्या पायानं गेला. कडेची जागा बंद करायला आपण शिकलो होतो, पण गोल मारल्यानंतरची पाच-दहा मिनिटं कशी काढायची याची आखणी नव्हती.

हे दुखणं जुनं म्हणून सोडून देऊ नका. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, १७ वर्षांखालील विश्वचषक, भारत विरुद्ध कोलंबिया. त्या भारतीय संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून अख्खं कोल्हापूर ती स्पर्धा डोळ्यात तेल घालून बघत होतं. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जीक्सन सिंगनं हेडर मारून १-१ केलं. फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियम वेडं झालं. आणि ८३ व्या मिनिटाला पेन्यालोसानं कोलंबियाचा दुसरा गोल मारला. एक मिनिट. आपण २-१ हरलो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे पहिल्या गोलाचे फोटो, आणि ते यायलाच हवे होते. पण त्या एका मिनिटात आपली मागची फळी कुठं उभी होती, यावर किती जण बोलले?

आपल्याकडे फुटबॉलच्या टीमांची नावंच तालीम आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं, फुटबॉल टीमला आखाड्याचं नाव कसं? पण तालमीतला वस्ताद कुस्ती हरलेल्या पोराला काय विचारतो, आठवून बघा. "पाय कुठं होता?" असं विचारतो. "पंच कोण होता?" ते नंतर.

पुढच्या मॅचला स्टेडियमवर गेलात की एक करून बघा. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. चेंडू ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूचा बॅक कुठं उभा आहे, तो आत किती सरकतो, परत बाहेर जायला त्याला किती वेळ लागतो, एवढंच बघा. आपली टीम गोल मारेल तेव्हाही आधी नाचू नका, आधी मागे बघा. मग मला व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात आपण १९६२ च्या जकार्ताला जाऊ. तिथं जर्नैलसिंग नावाचा भारताचा स्टॉपर डोक्याला टाके असताना फायनलला फॉरवर्ड खेळला आणि त्यानं गोल मारला. सोन्याचं पदक आलं, पण मागे त्याच्या जागी काय केलं होतं, ते जास्त भारी आहे.